आजीचं गिरगाव, व्हाया मेट्रो

मुंबईची भुयारी मेट्रो-३ अखेर गिरगावात पोहोचली. आमच्या घरात या गाडीची सगळ्यात जास्त वाट पाहिली ती चौऱ्याण्णव वर्षांच्या एका बाईने. तिला न्यायचं प्रॉमिस मी केलं होतं. पण...

शनिवारी सकाळी नऊच्या आत उठणं हा आमच्या मरोळच्या फ्लॅटमध्ये जवळजवळ गुन्हा समजला जातो. आम्ही तिघी रूममेट्स. एक बँकेत, एक अ‍ॅड एजन्सीत आणि मी फ्रीलान्स, म्हणजे आईच्या भाषेत ‘सध्या काही करत नाही’. पण डिसेंबर २०२५ मधल्या त्या शनिवारी मी साडेसातलाच मरोळ नाका स्टेशनाचे सरकते जिने उतरत होते. खांद्यावर रिकामी सॅक, हातात कॉफी नाही, आणि डोक्यात बाबांचं एकच वाक्य : ‘महिनाअखेर खोलीची चावी द्यायची आहे. तुला काय हवं ते आत्ताच घेऊन ये.’

खोली म्हणजे गिरगावातल्या चाळीतली आजीची खोली. दहा बाय बारा. दुसरा मजला, जिन्यापासून चौथं दार. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, भाडेकरू एकेक करून ट्रान्झिटला निघाले. आमचं बिऱ्हाड शेवटच्या पाच-सहांतलं. आजी तिथे १९४९ साली आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथूनच गेली. पाऊणशे वर्षं एकाच पत्त्यावर! आपण इथे अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर जगणारी माणसं. मी गेल्या सहा वर्षांत चार घरं बदलली.

तर मेट्रो. मरोळ नाक्याहून सुटली की विमानतळ, बीकेसी, मिठी नदीच्या खालून धारावी, मग दादर, सिद्धिविनायक, वरळी. पुढे आचार्य अत्रे चौक, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड आणि गिरगाव. ही साडेतेहतीस किलोमीटरची आणि सत्तावीस स्टेशनांची लाइन तीन हप्त्यांत सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. स्टेशनांची नावं वाचताना मजा वाटते. मुंबई सेंट्रलच्या स्टेशनाला नाव जगन्नाथ शंकरशेटांचं, ज्यांनी १८५३ साली मुंबईत पहिली आगगाडी धावावी म्हणून खटपट केली. पुढे हुतात्मा चौक. मध्ये अत्रे. आजी असती तर म्हणाली असती, ‘आमचेच सगळे खाली जाऊन बसले.’

पाऊण तासाच्या आसपास मी गिरगावात होते. लोकलने हाच प्रवास म्हणजे अंधेरी गाठा, चर्चगेट फास्ट पकडा, मुंबई सेंट्रलला स्लो पकडा, चर्नी रोडला उतरा आणि केस पुन्हा विंचरा. गेली पाच-सहा वर्षं ‘फार लांब पडतं गं’ हे माझं आजीकडे न जाण्याचं ऑफिशियल कारण होतं. आता ते कारणही राहिलं नाही. आजीही राहिली नाही.

खाली कोण तरी दळता हा

आजी मूळची विजयदुर्गाजवळच्या एका गावातली. पंचाहत्तर वर्षं मुंबईत काढूनही तिचं मालवणी काही सुटलं नाही. चाळीत सगळ्यांशी बरं मराठी बोलायची, पण राग, माया आणि आश्चर्य या तीन गोष्टी मालवणीतच व्हायच्या.

भुयाराचं काम गिरगावात सुरू झालं तेव्हा जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर मधोमध पत्रे ठोकले गेले. अर्धा रस्ता गायब. काही जुन्या चाळी स्टेशनासाठी पाडल्या गेल्या, वर्षानुवर्षं समोरासमोर राहिलेली माणसं पांगली. रात्री खोलीत फळीवरच्या कपबश्या किणकिणायच्या. बाबा काळजीत. म्हणायचे, ‘आई, काही दिवस ठाण्याला चल.’ आजी कॉटवर बसून, कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, ‘खाली कोण तरी दळता हा.’

तिला भीती वाटली नाही. तिला उत्सुकता वाटली. पेपरात मेट्रोची बातमी आली की भिंगाने वाचायची. किती खोल, किती लांब, आत वारा येतो की नाही, बाईमाणसाला बसायला वेगळी जागा आहे की नाही. मी गेले की प्रश्न तयार. मी पत्रकार म्हणजे मला सगळं ठाऊक असणार, हा तिचा गोड गैरसमज.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि टीव्हीवर तिने ती गाडी पाहिली. दिवाळीला मी गेले तेव्हा लाडूचा डबा पुढे करत म्हणाली, ‘माका त्या पायाखालच्या गाडीत बसूचा आसा.’

मी म्हटलं, ‘आजी, गिरगावचं स्टेशन उघडू दे ना. मग इथूनच बसू. आत्ता फक्त बीकेसीपर्यंत येते.’

‘तुझ्या मरोळाक येता ना? मरोळ तर मरोळ. गाडी तीच मा?’

लॉजिक करेक्ट होतं. मी म्हटलं, ‘ओके, नेते. या नाही तर पुढच्या वीकेण्डला.’

आणि ती म्हणाली, ‘तुका वेळ गावलो काय सांग. माका काय घाई नाय.’

नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुका होत्या. एका पोर्टलसाठी मी रोज दोन स्टोरीज पाडत होते. डिसेंबर म्हणजे लग्नांच्या फीचर्सचा सीझन, त्यात इयर एण्डर्स. जानेवारीत एका क्लायंटचं पेमेण्ट अडकलं म्हणून दुसऱ्या दोघांची कामं घेतली. जानेवारीच्या शेवटी आजी मोरीत घसरली. फेब्रुवारीत गेली. चंदनवाडी चाळीपासून इतकी जवळ, की तिचा शेवटचा प्रवास पंधरा मिनिटांचाही झाला नाही.

रामदास बुडाली, त्यानंतरची नवरी

स्टेशनातून वर आलं की गिरगाव एकदम अंगावर येतं. टॅक्सीचे हॉर्न, उदबत्तीचा वास, कुठून तरी तळणाचा वास. वर मान केली तर एका बाजूला काचेचा टॉवर आणि त्याच्या पायाशी लाकडी कठड्यांची, कौलारू छपराची चाळ. दोन्हींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले टॉवेल मात्र सेम.

गिरगाव म्हणजे वाड्यांचं गाव. फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, झावबावाडी, खोताची वाडी... नावं वाचली तर मेनूकार्ड आणि जमिनीचा उतारा एकत्र वाचल्यासारखं वाटतं. एकेकाळी इथे खरोखरच बागा आणि वाड्या होत्या. मग शहर वाढलं, चाळी उठल्या, आणि कोकणातून माणसं आली. आजीसारखी.

मास कॉम करत असताना आम्हाला ‘ओरल हिस्टरी’ची असाइनमेण्ट होती. जुन्या मुंबईच्या आठवणी सांगणारं कुणी तरी शोधायचं आणि रेकॉर्ड करायचं. मी चक्क पाल्र्याला एका निवृत्त प्राध्यापकांकडे तीन खेपा घातल्या. गिरगावात घरची हिस्टरी कॉटवर पाय पसरून बसली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आजीचं माझ्याकडे एकच रेकॉर्डिंग आहे. अकरा मिनिटांचं. त्यात चार वेळा कुकरची शिट्टी. पण त्यात बोटीची गोष्ट आहे.

१९४९ चा मे महिना. आजी एकोणीस वर्षांची. तेव्हा कोकणातून मुंबईला यायचं म्हणजे बोटीने. बोट किनाऱ्याला लागायची नाही. पडावात बसून खोल पाण्यात जायचं आणि तिथून शिडीने वर चढायचं, नऊवारी सांभाळत. जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली होती. सहाशेहून जास्त माणसं गेली. किनाऱ्यावरच्या घराघरात त्या बातमीने धसका घेतला होता. त्यामुळे आजीची आई लेक सासरी चालली म्हणून कमी आणि बोटीने चालली म्हणून जास्त रडली.

रेकॉर्डिंगमध्ये मी विचारते, ‘तुला भीती नाही वाटली?’

आजी हसते. म्हणते, ‘वाटली तर. पण दर्याक काय म्हायत, बोटीत नवी नवरी आसा ती?’

आणि कुकरची शिट्टी.

भाऊच्या धक्क्यावर आजोबा न्यायला आले होते. एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे, म्हणजे आजच्या भाषेत टाइपसेटिंग. ट्रंक होती म्हणून घोड्याची व्हिक्टोरिया केली. पण पहिल्याच रविवारी तिला ट्रामने फिरवून आणलं. एका आण्यात, असं ती सांगायची. ट्राममध्ये आजी खिडकीशी बसली आणि आजोबा उभे राहिले, कारण चाळीतलं कुणी पाहिलं तर? तेव्हाची रोमान्सची आयडिया!

पुढे ट्रामचा एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. आजीला ट्राम गेल्याचं फार वाईट वाटलं होतं. बस आवडायची नाही तिला, ‘धक्के मारता’ म्हणायची. रुळांवरून जाणारी गाडी गिरगावात परत येणार, हे ऐकून ती का खूश झाली, ते आता समजतं. तिच्या लेखी मेट्रो ही नवी गोष्ट नव्हतीच. तिची ट्राम परत येत होती, फक्त खालून.

मिसळ, वाड्या आणि २१ नोव्हेंबर

चाळीत जाण्याआधी मी मुद्दाम एक फेरी मारली. ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली. लहानपणी आम्हा नातवंडांना वार्षिक परीक्षेनंतर आजी इथे आणायची. स्वतः मात्र फक्त पीयूष प्यायची, आणि तेही ‘उगाच पैसे’ म्हणत.

मग खाडिलकर रोडवर केशवजी नाईक चाळीच्या दारात उभी राहिले. १८९३ पासून इथे सार्वजनिक गणपती बसतो. आजच्या डीजे आणि पंचवीस फुटांच्या जमान्यात इथली मूर्ती लहान आणि उत्सव साधा, म्हणून बघायला जावं. आजी दर वर्षी चौथ्या-पाचव्या दिवशी जायचीच. तिथून खोताच्या वाडीत. पोर्तुगीज धाटणीची लाकडी जिन्यांची घरं, रंगवलेल्या खिडक्या, बाहेर क्रॉस. शंभर पावलांत तुम्ही मुंबईतून गोव्यात जाऊन परत येता. नाताळ जवळ आला होता, वाडीभर कागदी कंदील लागले होते. आजी दिवाळीचा फराळ इथल्या एका बाईंना न चुकता पाठवायची आणि पंचवीस डिसेंबरला तिकडून केक यायचा. त्यात अंडं असतं म्हणून चाळीतल्या काही बायका खायच्या नाहीत. त्यांच्या वाटणीचाही आजी खायची.

पुढे प्रार्थना समाज, ऑपेरा हाउस. १९९३ मध्ये बंद पडलेलं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं आणि आता तिथे आपण इन्स्टा स्टोरीज टाकतो. आणि शेवटी चौपाटी. चौपाटीवर आपण भेळ खातो आणि सनसेट बघतो. आजीची चौपाटी वेगळी होती.

२० नोव्हेंबर १९५५ ला इथे मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, हा तेव्हाचा प्रश्न. चिडलेल्या लोकांनी ती सभा उधळून लावली. आजोबा त्या गर्दीत होते. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउण्टनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. आजोबा त्याही मोर्चात होते आणि रात्री उशिरापर्यंत घरी आले नाहीत. आजी गॅलरीत उभी. कडेवर एक मूल, पदराला दुसरं. चाळीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात तशाच उभ्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मध्यरात्री आजोबा आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. ‘मी काय्येक बोललंय नाय,’ आजी सांगायची, ‘भात वाढलंय.’

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकशे सहा हुतात्मे झाले, हे आपण शाळेत पाठ केलं. भात वाढून वाट बघत बसलेल्यांचा आकडा कुठल्या पुस्तकात नाही. फ्लोरा फाउण्टनचा चौक आता हुतात्मा चौक. मेट्रोने गिरगावहून तिसरं स्टेशन.

दहा बाय बारातली अन्नपूर्णा

चाळीचा जिना चढताना अजूनही हात आपोआप दोरीकडे जातो. कठड्याची लाकडं गुळगुळीत झालेली. बहुतेक दारांना कुलपं. ज्या गॅलरीत सात-आठ दारांतून एकाच वेळी सात-आठ फोडण्यांचे वास यायचे, तिथे आता नुसता चुन्याचा वास. एका दाराशी कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवून गेलेलं. तिला मात्र पाणी घातलेलं दिसत होतं.

आजीची खोली उघडली. पितळी डबे, पाट, कॉट आधीच ठाण्याला गेलं होतं. उरली होती भिंतीतली फळी, देवांचा रिकामा कोनाडा आणि मोरीशेजारी खिळ्याला लावलेलं लाटणं.

हे लाटणं साधं नाही. आजोबा १९६९ मध्ये हार्ट अ‍ॅटॅकने गेले. आजी एकोणचाळीस वर्षांची, चार मुलं. सगळ्यात धाकटे माझे बाबा, सात वर्षांचे. तिचा भाऊ गावाहून न्यायला आला होता. आजीने त्याला चार दिवस ठेवून घेतलं, मासे खाऊ घातले आणि परत पाठवलं. पुढच्या महिन्यात तिने डबे सुरू केले.

तेव्हा गिरगावात एकटे राहणारे पुरुष खूप. कुणी छापखान्यात, कुणी पेढीवर, कुणी गोदीत. बायकापोरं गावाला. त्यांना घरचं जेवण हवं. आजीने पाच डब्यांपासून सुरुवात केली, पुढे बावीस झाले. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा तिचा दिवस सुरू. दिवसाला दीडेकशे चपात्या, या एका लाटण्याने. चिराबाजारातून मासळी, आणि भाव करण्यात तिचा हात कुणी धरायचं नाही. बांगड्याचं तिखलं असायचं त्या दिवशी म्हणे डबे धुतल्यासारखे परत यायचे. खोली दिवसभर स्वयंपाकघर, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री बेडरूम. बाबा गॅलरीतल्या दिव्याखाली शिकले, कारण आत त्यांची बहीण कणीक मळत असायची.

१९७२ चा दुष्काळ पडला. रेशनवर लाल मिलो, तेल मिळेना, साखर मिळेना, भाव रोज वर. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईतल्या बायकांना रस्त्यावर आणलं. हातात लाटणं आणि थाळी. ते लाटणे मोर्चे तेव्हा खूप गाजले. आजीने आयुष्यात फक्त एकाच मोर्चात भाग घेतला, तो हा. सकाळचे डबे पोचवले, हेच लाटणं धुतलं, पदर खोचला आणि निघाली. संध्याकाळी परत येऊन त्याच लाटण्याने रात्रीच्या चपात्या लाटल्या. बाबा सांगतात, घोषणा देऊन तिचा आवाज इतका बसला होता की दोन दिवस ती खुणेनेच ओरडत होती.

फळीवर आणखी एक गोष्ट सापडली. डब्यांच्या हिशोबाची वही. जाड पुठ्ठ्याची, कडा तेलाने पारदर्शक झालेल्या. प्रत्येक पानावर एक नाव, महिने आणि रुपये. काही पानांवर पैसे आलेच नाहीत. तिथे आजीने ‘बाकी’ लिहिलेलं नाही. लिहिलंय, ‘गावाक गेलो’. एका पानावर, ‘नोकरी नाय, जेवता’. हे एवढंच, अकरा महिने. अकरा महिने एक माणूस पैसे न देता जेवला आणि आजीने त्याची नोंद अशी ठेवली. मी ते पान मोबाइलवर काढून बाबांना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, ‘ते काका. माझी फी त्यांनी भरली होती नंतर, कॉलेजची.’

मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि हे मला त्या दिवशी कळलं.

नात नेतली माका

वही सॅकमध्ये टाकत होते, तर दारात शेजारच्या काकी. तुळशीला पाणी घालणाऱ्या त्याच. त्यांचाही टेम्पो पुढच्या आठवड्यात येणार होता. कपभर चहा घेऊन आल्या आणि उंबरठ्यावर बसल्या. आत यायला आता काही उरलं नव्हतं.

‘मेट्रोने आलीस?’

‘हो.’

‘बरी आहे?’

‘छान आहे, काकी. एसी आहे.’

काकी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुझी आजी दिवाळीनंतर रोज चारला खाली उतरायची. काठी घेऊन, एकेक पायरी. पत्र्यांपर्यंत जायची आणि उभी राहायची. काय बघते म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, ऐकतंय.’

मी कप खाली ठेवला.

‘आमचा मुलगा म्हणाला, चला आजी, टॅक्सीने बीकेसीला नेतो, तिथून आरेपर्यंत जाऊन येऊ. रविवार होता, याला सुटी होती. पण नको म्हणाली. नात नेतली माका, म्हणाली. दुसऱ्याबरोबर गेलंय तर तिका वाईट वाटात.’

काकींनी हे मला लागावं म्हणून सांगितलं नाही. त्यांना ते कौतुकाचं वाटत होतं. आजीला माझी किती माया, याचं. मी ‘हो ना’ म्हटलं. चहा संपवला. कप मोरीत विसळला. नळाला पाणी नव्हतं, बादलीत काकींनी भरून ठेवलेलं होतं.

काही चुकांना सॉरी म्हणायला माणूस शिल्लक असतो. इथे तो नाही. घाई नाही म्हणताना आजी चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि मी, शब्दांवर पोट भरणारी मुलगी, ते वाक्य शब्दशः खरं मानून बसले. हे लिहून मला मोकळं वगैरे वाटत नाहीये. पण निदान एकदा छापून यावं, असं वाटलं.

लाटणं खिळ्यावरून काढलं. भिंतीवर त्याची फिकट, लांबट खूण उरली. खोलीला कुलूप लावलं, जिना उतरले, स्टेशनावर आले.

सिक्युरिटीला सॅक मशीनमधून गेली आणि थांबली. पलीकडची मुलगी, वय माझ्याहून कमीच, स्क्रीनकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, बॅग उघडा जरा. हे काय आहे?’

मी लाटणं बाहेर काढलं. तिने ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि एकदम हसली. ‘लाटणं! मोर्चाला चाललात की काय ताई?’

‘जाऊन आलंय ते,’ मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही. रांग वाढत होती. तिने लाटणं परत दिलं आणि पुढच्या माणसाला हात केला.

गाडी आली. शनिवार दुपार, बसायला जागा होती. लाटणं मी सॅकमध्ये परत ठेवलंच नाही, मांडीवरच राहू दिलं. समोरच्या आजोबांनी एकदा लाटण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेपर वर केला. दारं मिटली. बोगद्यात शिरताना चाकांचा जो घरघराट झाला, तो अगदी जात्यासारखा. डोक्यावर कुठेतरी ती चाळ होती, ती खोली, ती फळी. ग्रँट रोड यायला दोनेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी काही केलं नाही. फोनही पाहिला नाही. नुसतं ऐकलं.

तुमच्याही घरी कुणी तरी ‘मला काही घाई नाही’ म्हणत असेल. पुढच्या वीकेण्डचा प्लॅन ठरवण्याआधी त्यांचं वय एकदा मोजून बघा.

गिरगावात जाताय? आजी-स्टाइल टिप्स

• कसं जाल : मेट्रो-३ चं गिरगाव स्टेशन किंवा वेस्टर्न लाइनवर चर्नी रोड. कार नेऊ नका, पार्किंग शोधण्यात दिवस जाईल.

• केव्हा जाल : सकाळी लवकर. वाड्या तेव्हा जाग्या होत असतात. गुढीपाडव्याला फडके गणपती मंदिरापासून निघणारी शोभायात्रा आणि गणपतीत केशवजी नाईक चाळ, या दोन तारखा कॅलेंडरवर मार्क करा.

• काय खाल : ठाकूरद्वारची मिसळ, वर थंडगार पीयूष. ‘उगाच पैसे’ म्हणायचं, पण प्यायचं.

• फोटो : खोताची वाडी आणि चाळी ही लोकांची राहती घरं आहेत, स्टुडिओ नाहीत. कॅमेरा काढण्याआधी विचारा. नीट विचारलंत तर चहाही मिळेल.

• सोबत : गिरगावात कधीतरी राहिलेलं घरचं एक वडीलधारं माणूस न्या. वेग त्यांचा, थांबे त्यांचे. आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग निघतानाच सुरू करा. कुकरची शिट्टी आली तर येऊ दे.